कोरियन भाषेत आपली ओळख

आमच्या वस्तीतली एक मुलगी नुकतीच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली. तिथं कोरियन साहेब येतात-जातात. “काका, त्यांच्या भाषेत नुसती ओळख तरी सांगता आली पाहिजे,” म्हणत ती वही घेऊन घरी आली. आम्ही पडलो कारकून. कोरियन आम्हांला कुठली येणार? पण पोर शिकायचं म्हणते आणि आपण हात वर करायचे, हे बरं नव्हे. मोबाईल पुढ्यात ठेवून दोघंही शिकायला बसलो.

वाचकहो, पहिल्याच वाक्यानं धीर आला. ‘जोनुन इन्दो साराम इम्निदा.’ जोनुन म्हणजे मी, इन्दो म्हणजे भारत, साराम म्हणजे माणूस, इम्निदा म्हणजे आहे. क्रियापद मराठीसारखंच शेवटी! ‘भारतातून आले’ म्हणायचं तर ‘इन्दोएसो वास्सुम्निदा’. आपण ‘तून’ मागून जोडतो, तसा त्यांचा ‘एसो’. शिवाय बाई बोलो की बुवा, क्रियापद तेच.

‘इम्निदा’नं मात्र घाम काढला. लिहितात ‘इप्निदा’, म्हणतात ‘इम्निदा’. मग शाळेतला संधी आठवला: वाक् अधिक मय, वाङ्मय. तोच प्रकार!

अक्षरं थोडीच, १४ व्यंजनं आणि १० स्वर. सेजोंग राजानं ही लिपी १४४६ साली जाहीर केली. त्याआधी लिहिणं चालायचं चिनी अक्षरांत. ती शिकायला वर्षं जात. गरिबाला एवढी सवड कुठली? सामान्यांना लिहिता यावं म्हणून राजा सोपी लिपी करतोय, तर दरबारच्या विद्वानांनी १४४४ साली लेखी विरोध केला. विद्वान सगळीकडचे सारखेच, दुसरं काय!

मुलीनं स्वतःच्या नावापुढं ‘शी’ लावलं. मालिकांत ऐकलेलं. हा मानाचा शब्द दुसऱ्याच्या नावाला लावतात. आपणच ‘मी अमुकताई’ म्हणावं तसं ते झालं. शेवटी ‘मान्नासो पान्गाप्सुम्निदा’, म्हणजे भेटून आनंद झाला.

‘जे इरुमुन’, माझं नाव, इथं ती थबकली. नोकरीत ती नाव सांगते, आडनाव गिळते. का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही म्हणालो, अगं, कोरियात आडनाव आधी येतं, आणि पाचांत एक तरी किम असतो. तिथंही पूर्वी गुलामांना बहुधा आडनावच नसे. १८९४ साली जन्मावरचा उच्चनीच दर्जा कायद्यानं रद्द झाला, पुढं सगळ्यांना आडनावं आली. आता नुसत्या किमवरून कुणाचा आजा काय होता, हे कळत नाही. वय मात्र ते विचारतात, कारण कुणाशी कसं बोलायचं ते वयावरून ठरतं. राग मानू नकोस.

परवा रात्री ती सांगायला आली. साहेबांपुढं कमरेतून वाकली, ‘आन्न्योंगहासेयो’ म्हणाली, आणि आडनावासकट पूर्ण नाव सांगून ‘इम्निदा’ म्हणाली. साहेबांनी आडनाव दोनदा विचारलं, उच्चार जमेना म्हणून. तिसऱ्यांदा तिनं ते मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.