शिकाऊ हातांवर वॉर्ड सोपवू नका

नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटून झाले, की दोन-तीन महिन्यांत तालुक्याच्या गावातल्या मुलीपुढे एक प्रश्न उभा राहतो: कॉलेज सांभाळून एखाद्या दवाखान्यात पार्ट टाइम काम मिळेल का? उमरगा, मुरूम, लोहारा, नळदुर्ग या पट्ट्यात हा प्रश्न मुली विचारतात, त्यांचे आई-वडील विचारतात, नर्सिंगला जाणारे मुलगेही विचारतात. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या डॉक्टरांसाठीही.

गरज खरी आहे. घर कोरडवाहू शेतीवर चालते. सोयाबीनचे पैसे हातात येतात तेव्हा त्यातले बरेचसे खता-बियाण्याच्या उधारीत आधीच गेलेले असतात. कॉलेजच्या फीचे कसेबसे हप्ते पाडून घेता येतात, पण खोलीभाडे, मेस, गणवेश, पुस्तके, जर्नल, परीक्षा शुल्क हे सगळे वेळच्या वेळी भरावे लागते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा येणेगूर, दाळिंब, तुरोरी, गुंजोटीहून ये-जा करणाऱ्या मुलींना चांगला आधार झाला. तरीही महिनाअखेरीला घरी फोन करून पैसे मागताना मुलीची जीभ अडखळतेच. अशा मुलीने स्वतःच्या कष्टाचे चार पैसे मिळवावेत, यात गैर काहीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ची वाट घालून दिली. त्या वाटेने महाराष्ट्रातल्या कित्येक गरीब घरांत पहिला पदवीधर आला.

उमरग्यात दवाखान्याच्या कामाला तोटा नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्ग इथून जातो, त्यामुळे अपघाताचे रुग्ण येतात. सीमेपलीकडच्या आळंद, बसवकल्याण भागातलेही लोक उपचारासाठी इकडे येतात. उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. कमी आहे ती नोंदणीकृत परिचारिकांची. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली मुलगी सोलापूर, लातूर, पुणे, हैदराबाद गाठते. मग दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्याला हात हवे असतात आणि शिकणाऱ्या मुलीला पैसे. दोघांचे लगेच जमते. पहिले आठ दिवस ती सिस्टरच्या मागे फिरते, पुढच्या महिन्यात तिला नाइट लागते आणि त्या नाइटला वॉर्डात तिच्या सोबतीला फक्त मावशी असतात. ‘काही लागलं तर फोन कर’ एवढे सांगून डॉक्टर घरी गेलेले असतात.

माझा विरोध इथे आहे. दवाखान्यात काम जरूर करा, पण नोंदणी हातात येईपर्यंत नर्सच्या जागेवर उभ्या राहू नका. आणि डॉक्टरांनीही त्यांना तिथे उभे करू नये.

महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 चा आहे. एएनएमची दोन, जीएनएमची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून, परीक्षा पास होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदले, की मुलगी परिचारिका होते, त्याआधी नाही. खासगी दवाखान्यांसाठीचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदाही रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण मागतो. शिकणारी मुलगी त्या मोजणीत बसत नाही. तिच्या हातून चूक झाली, तर दवाखान्याच्या कागदावर तिचे नाव कुठेच नसते. गावात मात्र ‘त्या नर्सनं इंजेक्शन दिलं’ म्हणून बोट तिच्याकडेच जाते. जी आधीच एएनएम होऊन नोंदणी झालेली आहे आणि आता पुढचे शिकते आहे, तिची गोष्ट वेगळी. ती तिच्या नोंदणीत बसणारे काम हक्काने करू शकते.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू आणि नुसते कामाकडे बघू. 500 मिलीची सलाईन 4 तासांत द्यायची आहे. नेहमीच्या सेटमधून 20 थेंबांचे 1 मिली होते. म्हणजे 10,000 थेंब आणि 240 मिनिटे. मिनिटाला साधारण 42 थेंब. कॉलेजच्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये ट्यूटर शेजारी उभ्या असतात. मुलगी घड्याळ बघत थेंब मोजते, नळीवरचा रोलर थोडा सैल करते, पुन्हा मोजते. मग ट्यूटर विचारतात, ‘या आजोबांचं हृदय कमजोर असतं तर?’ रात्री तीन वाजता, आठ रुग्णांत एकटी असताना हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. कुणाची बाटली संपत आलेली, कुणाच्या नळीत रक्त चढलेले, कुणाचे नातेवाईक दारात उभे. रोलर अंदाजाने फिरतो. धडधाकट तरुणाला बऱ्याचदा ते सोसते. कमजोर हृदयाच्या म्हाताऱ्याच्या फुप्फुसात पाणी साठते, तो धापा टाकू लागतो, आणि ती धाप कशाची हे ओळखायला ही मुलगी अजून शिकलेलीच नसते.

दुसरी गोष्ट सुईची. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, ती थेट हब कटरमध्ये कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण दिवसभर कॉलेज करून रात्री जागणाऱ्या मुलीचे बोट चुकतेच कधीतरी. सुई टोचली तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचे नाही आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयात त्यांची सोय असते. पण कॉलेजला न सांगता काम करणारी मुलगी हे कुणाला सांगणार? कॉलेजला कळले तर बोलणी बसतील, दवाखान्यात सांगितले तर काम जाईल. ती बोट धुते आणि गप्प राहते. म्हणून वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घ्या: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

आता वेळेचा हिशोब. नर्सिंगचा अभ्यासक्रम आठवड्याला 40 तासांचा धरलेला असतो, वर्ग आणि क्लिनिकल मिळून. खासगी दवाखान्यातली नाइट सहसा बारा तासांची. आठवड्याला सहा नाइट म्हणजे 72 तास. दोन्ही मिळून 112. आठवड्याचे एकूण तास 168. उरले 56, म्हणजे रोजचे आठ. त्यात झोप, आंघोळ, जेवण, एसटीची वाट आणि अभ्यास. बी.एस्सी. नर्सिंगला वर्गात किमान 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात येण्याआधी क्लिनिकलची हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. नाइटमुळे बुडालेली हजेरी भरून काढण्यात शेवटी वर्ष जाते.

‘पण हात बसतो ना,’ असे पालक म्हणतात, आणि मुलीही म्हणतात. त्यात तथ्य आहे. शीर शोधणे, रुग्णाशी बोलणे, नातेवाइकांना धीर देणे हे पुस्तकातून येत नाही. पण हात बसायला शेजारी जाणता माणूस लागतो. नाहीतर चुकीच्या सवयीवरही हात तितकाच पक्का बसतो आणि तो पुढे सोडवणे अवघड जाते. शिकून नर्स होण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे: 1891 मध्ये मुंबईत काशीबाई गणपत प्रशिक्षणाला गेल्या. भारतीय परिचारिकांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि ज्या घरांत हे काम कमी प्रतीचे मानले जाई, तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवले. परिचारिकांना राहायला आणि राबायला किती वाईट परिस्थिती वाट्याला येते, हे 1946 मध्ये भोर समितीने सरकारला लिहून दिले. नर्सिंग हे शिकून करायचे काम आहे, हे पटवून द्यायला कित्येक बायकांचे आयुष्य गेले. शिकण्याआधीच वॉर्ड सांभाळायला लावणे म्हणजे त्या सगळ्या धडपडीला मागे ओढणे आहे.

मग काम कोणते घ्यावे? ओपीडीत केसपेपर काढणे, रुग्णांना नंबराने आत सोडणे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद जमवायला मदत करणे, नोंदी संगणकावर चढवणे. सीमेवरच्या मुलींना कन्नड येते. कन्नड बोलणाऱ्या रुग्णाचे दुखणे डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचवणे हे तर मोलाचे काम आहे. वॉर्डातच काम हवे असेल, तर नोंदणीकृत सिस्टर ड्यूटीवर असताना, त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून: अंथरूण बदलणे, रुग्णाला कूस बदलून देणे, भरवणे, ताप-नाडी बघून सिस्टरला सांगणे. इंजेक्शन, आयव्ही औषध, रक्त चढवणे आणि एकटीने नाइट यांना सरळ नकार द्या. शनिवार-रविवार आणि संध्याकाळचे तीन तास यापुढे जाऊ नका. गावाकडे जाणारी शेवटची गाडी चुकणार नाही, एवढी वेळ आधीच ठरवून घ्या.

बोलणी कागदावर करा. कामाचे नाव, तास, पगार, पगाराची तारीख, सुट्टी, सुई टोचली तर खर्च कुणाचा, एवढे एका पानावर मावते. कॉलेजला सांगून काम करा. मूळ मार्कशीट किंवा टीसी कुणाकडेही ठेवायला देऊ नका. रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचे, तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत सोडण्याची सोय हवी, असे 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणतो. लहान दवाखान्याला हा कायदा लागू असो वा नसो, कपडे बदलायला कडीची खोली आणि जाण्या-येण्याची सोय मागणे हा तुमचा हक्कच आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचे संरक्षण शिकाऊ मुलीलाही आहे, आणि दवाखान्यात समिती नसेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते.

पैशाच्या दुसऱ्या वाटाही आधी चाचपून बघा. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय सरकारने जुलै 2024 मध्ये काढला. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपण कशात बसतो, हे कॉलेजच्या कार्यालयात आणि समाजकल्याण खात्यात विचारा. अर्ज वेळेत भरा.

एका फसवणुकीपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. सहा महिन्यांत नर्स, शिकता शिकता दवाखान्यात नोकरी, अशा जाहिराती तालुक्याच्या गावात लागतात. असा कोर्स करून नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटसारखे काही महिन्यांचे कोर्स असतात, ते सहायकाच्या कामाचे आहेत आणि तेवढेच त्यांनी सांगावे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची मान्यता कौन्सिलच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आणि आता डॉक्टरांसाठी. पगार परवडत नाही म्हणून शिकाऊ मुली ठेवतो, असे तुम्ही म्हणता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20 हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. तेवढा पगार, राहायला खोली आणि सन्मान मिळाला, तर आपल्याच भागातली शिकलेली मुलगी पुण्याला कशाला जाईल? आधी शिकवायचे, मग जबाबदारी द्यायची आणि पाठीशी उभे राहायचे, याचा धडा याच महामार्गावर आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झालेली या भागाने पाहिली आहेत. जखमी माणसाजवळ शिकलेला हात असणे म्हणजे काय, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

उमरग्यातल्या डॉक्टरांनी आणि नर्सिंग कॉलेजांनी एकदा एकत्र बसावे आणि विद्यार्थिनींसाठी कामाचे नियम ठरवावेत: नोंदणीकृत सिस्टरशिवाय ड्यूटी नाही, एकटीने नाइट नाही, पगार ठरल्या तारखेला. आणि मुलींनो, पुढच्या वेळी एखाद्या दवाखान्यात काम मागायला जाल, तेव्हा पगाराआधी एक प्रश्न विचारा: माझ्या ड्यूटीवर नोंदणी झालेल्या सिस्टर कोण असतील? नाव सांगता आले नाही, तर ते काम घेऊ नका.