सिंगापूर हवंय? मग आधी घरांचं बोला

दर दोन-चार महिन्यांनी ती रील माझ्याकडे येतेच. कधी कॉलेजच्या ग्रुपवर, कधी थेट मामाकडून. दणदणीत संगीत, मरीना बेवरून फिरणारा ड्रोन आणि एक भारदस्त आवाज: 1965 साली हे मच्छीमारांचं गाव होतं, आज जगातल्या बड्या कंपन्या इथे रांग लावून उभ्या आहेत. कसं जमलं? कर कमी ठेवले, कडक नेता मिळाला, उंच इमारती बांधल्या. शेवटी ठरलेला प्रश्न येतो, आपल्या मुंबईचं सिंगापूर कधी होणार?

ही गोष्ट जवळपास सगळी चुकीची आहे. तरीही ती टिकून आहे, कारण ती काही लोकांच्या फार सोयीची आहे.

मच्छीमारांच्या गावापासूनच सुरुवात करू. सिंगापूर 9 ऑगस्ट 1965 ला मलेशियातून बाहेर पडलं, तेव्हा ते खेडं नव्हतं. 1819 पासून ब्रिटिशांनी वाढवलेलं ते भलं मोठं व्यापारी बंदर होतं. तिथे गोद्या होत्या, बँका होत्या, इंग्रजीत चालणारी कोर्टं होती. कमतरता होती घरांची आणि रोजगाराची. लाखो माणसं झोपडवस्त्यांत नाहीतर जुन्या दुकानांच्या वरच्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीनं राहायची. त्या वेळचं सिंगापूर कोळीवाड्यापेक्षा आपल्या गिरणगावाच्या जास्त जवळचं होतं.

कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने तिथे होतो. ऑफिस तांजोंग पगार भागात, म्हणजे ऐन व्यापारी केंद्रात. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून सात उंच टॉवर दिसायचे, वर गच्चीवरच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले. पहिले काही दिवस मी धरून चाललो होतो की हे अब्जाधीशांचे फ्लॅट असणार. लोअर परळला नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? मग शेजारी बसणाऱ्या टेस्टरनं हसत सांगितलं, "ती सरकारी घरं आहेत." त्या इमारतींचं नाव पिनॅकल अॅट डक्सटन. पन्नास मजली सात टॉवर, 1848 घरं, 2009 साली पूर्ण झालेली. बांधणारं खातं म्हणजे त्यांचं हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, एचडीबी. आपल्या भाषेत सांगायचं तर म्हाडा.

तो टेस्टरही एचडीबीच्याच घरात वाढलेला. वडील टॅक्सी चालवायचे. तो मेट्रोनं अर्ध्या तासात ऑफिसात पोचायचा आणि संध्याकाळी आईबरोबर जेवायला घरी असायचा. मी त्याच वयाचा, तेच काम करणारा. मुंबईत असताना डोंबिवलीहून निघून लोअर परळला पोचेपर्यंत माझी अर्धी ताकद संपलेली असायची.

कंपन्या सिंगापूरला का जातात, याचं माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उत्तर त्या खिडकीत होतं. एचडीबी स्थापन झालं 1960 साली. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी या वस्तीला भयंकर आग लागली आणि सुमारे 16 हजार माणसं बेघर झाली. सरकारनं ती जागा ताब्यात घेतली आणि काही वर्षांतच तिथे पक्क्या इमारती उभ्या केल्या. 1966 साली भूसंपादनाचा कायदा आला. सार्वजनिक कामासाठी सरकार स्वस्तात जमीन घेऊ लागलं, जमीनदारांनी कितीही आरडाओरडा केला तरी. 1968 पासून कामगारांना आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून घराचे पैसे भरायची मुभा मिळाली. आज तिथल्या दर चार रहिवाशांपैकी तीन जण एचडीबीच्या घरात राहतात आणि त्यातले बहुतेक 99 वर्षांच्या पट्ट्यावर त्या घराचे मालक आहेत.

याचा धंद्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सरळ हिशेब आहे. अर्धा पगार घरभाड्यात जात असेल, तर एकतर कंपनीला पगार वाढवावा लागतो, नाहीतर माणूस दोन तास लांब राहायला जातो आणि कामावर थकूनच येतो. सरकारनं घराचा प्रश्न सोडवला की तो खर्च कंपनीच्या वहीतून गायब होतो. स्वस्त घर ही दानधर्माची बाब नाही. रस्ता, वीज, पाणी यांच्यासारखीच ती धंद्याची पायाभूत सुविधा आहे.

आता करांकडे येऊ. सिंगापुरात कंपनीकर 17 टक्के आहे. कमी आहे, कबूल. पण नुसत्या कमी करानं शहर घडत असतं, तर केमन बेटांवर आतापर्यंत दहा सिंगापुरं उभी राहिली असती. तिथे कंपनीकरच नाही. कंपन्या तिथे कागद ठेवतात, माणसं ठेवत नाहीत.

कंपनीला कमी करापेक्षा जास्त हवी असते खात्री. करार मोडला तर निकाल कधी लागेल आणि तो कुणाच्या ओळखीवर फिरेल का, हे तिला आधी कळायला हवं असतं. अॅमेझॉन आणि फ्युचर समूहाचं भांडण आठवतं? बिग बझारची दुकानं आपल्या गल्ल्यांत होती, समूह मुंबईचा, लवादाचं कागदोपत्री ठिकाण दिल्ली. पण करारात नियम लिहिले होते सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राचे. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथे नेमलेल्या आणीबाणीच्या लवादानं व्यवहार रोखण्याचा आदेश दिला आणि ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश भारतात लागू होतो असं ठरवलं. या केंद्राकडे जाणाऱ्या परदेशी पक्षकारांत काही वर्षं भारतीयच सगळ्यात जास्त होते. आपण आपली भांडणंसुद्धा निर्यात करतो, आणि ही निर्यात कुठल्या रीलमध्ये दिसत नाही.

गंमत म्हणजे तिथली दंडसंहिता मुळात आपल्याच 1860 च्या भारतीय दंड संहितेवरून घेतलेली. कायद्याचं बियाणं एकच होतं. फरक पडला तो अंमलबजावणीत. 1986 साली तिथल्या राष्ट्रीय विकासमंत्र्यांची, तेह चांग वान यांची, जमिनीच्या प्रकरणांत लाच घेतल्याच्या आरोपावरून चौकशी सुरू झाली. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. 2024 मध्ये माजी परिवहनमंत्री एस. ईश्वरन यांना पदावर असताना महागड्या भेटी स्वीकारल्याबद्दल आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल 12 महिन्यांचा तुरुंगवास झाला. आपल्याकडे मंत्र्याला मिळालेल्या भेटवस्तूंची बातमी तरी होईल का?

इथे मामा म्हणतो, "बघ, म्हणजे कडक माणूस हवाच!" मामा, कडक माणूस बर्मालाही मिळाला होता. 1962 साली जनरल ने विननं सत्ता घेतली. त्याआधीचं रंगून काही सिंगापूरपेक्षा मागासलेलं नव्हतं. कडक माणसानं ते पार झोपवलं. त्यामुळे नुसत्या कडकपणाचं कौतुक पुरे. तो कुणावर चालला, ते विचारू.

सिंगापुरात तो जमीनदारावर चालला. गाडीवाल्यावरही चालला. 1990 पासून तिथे गाडी घ्यायची तर आधी लिलावात परवाना घ्यावा लागतो, तोही दहा वर्षांपुरता. अलीकडच्या काळात या नुसत्या परवान्याचा भाव 1 लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलेला आहे. फेरीवाल्यांनाही रस्त्यावरून उठवलं, पण बसायला जागा देऊन. सत्तरच्या दशकापासून त्यांच्यासाठी नळ, गटार आणि छप्पर असलेली हॉकर सेंटरं बांधली गेली. व्यापारी केंद्राच्या मधोमध लाउ पा सात नावाचं असंच एक जुनं मार्केट आहे. दुपारी बँकेचा अधिकारी आणि सफाई कामगार तिथे शेजारच्या टेबलांवर जेवतात. आपल्याकडे कडकपणा म्हणजे महापालिकेची गाडी, उचललेली हातगाडी आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पुन्हा हप्ता.

सिंगापूरला मी डोक्यावर घेत नाहीये. तिथली वर्तमानपत्रं सरकारला दबकून असतात. 1968 च्या कायद्यांनी कामगार संघटनांचे दातही काढून घेतले. आणि शहर बांधणारे बांगलादेशी आणि तमिळ मजूर त्या सुंदर घरांच्या हिशेबात कधीच नव्हते. त्यांना शहराच्या कडेला वसतिगृहांत कोंबलं होतं. 2020 च्या एप्रिलमध्ये करोना नेमका तिथेच भडकला आणि सगळ्या शहराला कुलूप लावावं लागलं. ज्यांना घराच्या हिशेबातून वगळलं, त्यांच्या खोल्यांतूनच शहराची घडी विस्कटली. माझा मुद्दा यानं मोडत नाही, उलट पक्का होतो.

आता गिरणगावात येऊ. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना मोडली. सिंगापुरातही ती मोडली होती. पण तिथल्या कामगाराला त्या बदल्यात निदान घर मिळालं. आपल्याकडे ती संधी आली होती. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या नियमानं तिचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. म्हाडाच्या आणि बागांच्या वाट्याला तुकडे आले, बाकीच्या जमिनीवर काचा चढल्या.

मधल्या काळात, 2003 साली, मॅकिन्सेनं मुंबईला जागतिक दर्जाचं शहर करायचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी पंतप्रधान मुंबईत येऊन शांघायला मागे टाकायचं स्वप्न सांगून गेले. कंपन्या आल्यासुद्धा. लोअर परळ आणि एल्फिन्स्टन परिसरात हजारो नोकऱ्या आल्या. त्या नोकऱ्या करणारी माणसं मात्र डोंबिवली, विरार, पनवेलहून त्याच जुन्या, अरुंद रेल्वेपुलांवरून येत राहिली. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी, ऑफिसच्या वेळेला, पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. त्या पुलापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर परदेशी कंपन्यांची वातानुकूलित ऑफिसं होती. त्या अपघाताला पावसाचं नाव दिलं गेलं. माझ्या मते तो जमिनीच्या वाटणीचा अपघात होता.

म्हणून ती रील मला राग आणते. ती सांगते की सिंगापूर होण्यासाठी कर कमी करा, प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करा आणि टॉवर बांधा. या तिन्ही गोष्टी बिल्डरला आणि पुढाऱ्याला हव्याच असतात. ज्यानं खरोखर फरक पडला, म्हणजे जमीन सरकारच्या हातात ठेवून कामगाराला शहराच्या मधोमध घर देणं, मंत्र्यालाही कायदा लावणं आणि गाडीवाल्याकडून रस्त्याची किंमत वसूल करणं, त्यातलं एकही काम रील मागत नाही.

पुढच्या वेळी कुणी आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्राची घोषणा केली, की मी टॉवरची उंची विचारणार नाही. तिथे रात्री लादी पुसणारी बाई कुठे राहणार आहे आणि तिला घरी पोचायला किती वेळ लागणार आहे, एवढंच विचारेन. तांजोंग पगारच्या त्या खिडकीतून निदान अर्धं उत्तर दिसत होतं. माझ्या लोअर परळच्या ऑफिसलाही मोठी खिडकी होती. तिच्यातून फक्त दुसऱ्या टॉवरचा स्विमिंग पूल दिसायचा.