वही जूनची, गरज जानेवारीची

जून उजाडला की आपल्याकडे वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार घ्या, नाहीतर हिंगोली-वसमतकडचं कुठलंही बाजाराचं गाव. शाळेच्या पटांगणात मंडप, सत्कार, भाषणं आणि मग ताटकळून बसलेल्या लेकरांच्या हातात दोन-दोन वह्या. फोटो निघतो. देणाऱ्याची भावना चांगलीच असते, त्याबद्दल शंका नाही. पण मैत्रिणींनो, त्या वह्या दिवाळीपर्यंत भरतात. पुढं काय?

आधी शासन काय देतं ते बघू. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेशही मिळतो. वही मात्र यात कुठंच नाही. २०२३-२४ मध्ये पुस्तकातच कोरी पानं घालून पाहिली. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि गरिबाच्या लेकराची वहीची अडचण भागावी, हा हेतू. पण मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला आणि वहीचा खर्च पुन्हा आईच्या पदरात पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये वहीवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला, हे बरं झालं. पण रोजंदारीवर चालणाऱ्या घरात तेवढ्यानं काय भागणार?

आणि खरी ओढाताण जूनमध्ये नसतेच. दिवाळी झाली की मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेकरं एकतर फडावर जातात, नाहीतर आजीपाशी किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. मागं राहिलेल्या मुलाची गणिताची वही जानेवारीत संपली, तर ती आणायची कुणी? आजीच्या हातात पैसा नसतो. बाईंनी विचारलं तर पोरगं ‘घरी राहिली’ म्हणतं, आणि दोन-चार दिवसांनी शाळेतच येत नाही.

दुसरी गोष्ट नववीची. आठवीपर्यंतची मोफत पुस्तकं तिथं थांबतात. वाटप मात्र बहुतेक लहान मुलांना होतं, कारण ती फोटोत गोड दिसतात! ‘पोरीला आता पुरे झालं’ असं घरात बोललं जातं ते नेमकं याच वयात.

वर्षभर पुरेल असं देणं आपल्याकडे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया मूठभर धान्य बाजूला काढत. लक्ष्मीबाईंनी तर पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं. अलीकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला ठिकठिकाणी हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, असं आवाहन होतं. यातली डिसेंबरची वेळ मला फार मोलाची वाटते. वह्या संपायला आल्या, तेव्हाच नव्या येतात.

मग आपल्या हातात काय आहे? जानेवारी तर आपलाच महिना. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, पुढं संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या कपाटात किती साठल्यात, प्रत्येकीनं आठवून पाहावं. त्याच पैशातून गल्लीतल्या दहा-बारा जणींनी किंवा बचतगटानं मिळून ठोक दुकानातून वह्या घेतल्या, तर स्वस्तही पडतात. आणि या कामात विधवा मैत्रिणीला दारातून परत जावं लागत नाही.

घेण्याआधी शाळेतल्या बाईंना जरूर विचारा. लहानग्यांना दुरेघी, चाररेघी लागते, गणिताला चौकटीची, नववीच्या पोरीला दोनशे पानी आणि कंपासपेटी. नावं माइकवरून पुकारू नयेत. वह्या वर्गाच्या कपाटात ठेवून द्याव्यात; ज्याची भरली, त्याला बाई हळूच काढून देतील.