‘आमच्यात कोणी दावा लावत नाही’

कोळारला एका नातलगाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सोन्याच्या खाणींचं कोलार ते नव्हे. हे आमचं बिदरला खेटून असलेलं, नौबादशेजारचं, औद्योगिक वसाहतीचं कोळार. जेवणं आटोपल्यावर ओसरीवर गप्पा निघाल्या. घराचा विमा घ्यावा का, आणि घेतला तर आपल्या घरात दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई त्यात असावी का, असा विषय मी काढला. समोर एक सद्गृहस्थ बसले होते. वयाने वडीलधारे, गावात शब्दाला मान असलेले. त्यांनी विषय पानाच्या पिंकेसारखा बाजूला टाकला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या सीमाभागात माणूस माणसाला धरून राहतो. कोणाचं पोर कोणाच्या विहिरीत बुडालं, कोणी कोणाच्या गच्चीवरून पडलं, तर तो त्याचा भोग. त्यासाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही. दावे लावणं ही अमेरिकेतली रीत. विमा काढला की माणूस बेफिकीर होतो. कंपन्या वेळेला हात वर करतात. आणि वीस रुपयांचा सरकारी विमा आहेच की बँकेत! वर, ‘उन्हाळा काय यंदाच आलाय?’ असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घर दुसऱ्याचं आणि दिवस शुभ, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. पण ज्या माना डोलल्या त्यांतल्या निम्म्यांच्या शेतात बंद पडलेली बोअर उघडी आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता लिहितो.

उन्हाळा यंदाचा नाही, हे खरं. पण उन्हाळ्यात घराचं रूप पालटतं, हे त्या गृहस्थांना कोणी सांगावं? पारा 40 च्या पुढे गेला की घराची दारं दिवसभर सताड उघडी. शाळा सुटलेली, मामाच्या गावाला आलेली पोरं गल्लीभर. रात्री सगळं घर अंथरूण घेऊन गच्चीवर, आणि आपल्याकडे गच्चीचा कठडा हे घर बांधून झाल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहिलेलं काम असतं. पत्र्याच्या कुलरमध्ये पाणी ओतताना पंखा चालूच, आणि अर्थिंगची तार कुठे गेली ते कोणी पाहिलेलं नाही. अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नं. मांडव, गुळगुळीत फरशीवर सांडलेलं पाणी, उघड्या वायरींची रोषणाई, अनोळखी घरात काळोखात वाट शोधणारी पाहुणी म्हातारी. टँकरचं पाणी साठवायला अंगणात हौद, त्यावर एक फळकुट. विहिरीचं पाणी तळाला, कडेचे दगड सुटलेले, आणि पाठीला डबा बांधून पोहायला येणारी मुलं तीच. शिवाय पाणी आटतं ते याच दिवसांत, म्हणून बोअरची गाडीही याच दिवसांत गावात शिरते. चार भोकं पाडली तर एकाला पाणी लागतं. उरलेल्या तिन्हींवर पोतं टाकून लोक घरी जातात.

त्या पोत्यांचा हिशोब ऐका. जून 2014 मध्ये विजयपूर जिल्ह्यातल्या नागठाण इथे चार वर्षांची मुलगी बोअरमध्ये पडून गेली. एप्रिल 2017 मध्ये बेळगाव जिल्ह्यात अथणी तालुक्यातल्या झुंजरवाड इथे सहा वर्षांची मुलगी गेली; दोन दिवसांहून अधिक काळ यंत्रं खणत होती. एप्रिल 2024 मध्ये इंडी तालुक्यातल्या लच्याण इथे दोन वर्षांचंही न झालेलं बाळ घरच्याच नव्या बोअरमध्ये पडलं आणि सुमारे वीस तासांनी जिवंत बाहेर आलं. इंडी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याचा शेजार. आणि हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नियम घालून दिल्यानंतरचं. खोदाईच्या 15 दिवस आधी जमीनमालकाने लेखी कळवायचं, भोवती कुंपण घालायचं, केसिंगवर पोलादी झाकण वेल्ड करायचं, सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळूने भरायची. मालकावरही त्यात जबाबदारी आहे. ‘भोग’ हा शब्द त्यात कुठेही नाही.

आता त्यांचा लाडका मुद्दा. आमच्यात कोणी दावा लावत नाही.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली. बहिणीचं लग्न वैशाखात होतं. पाहुणे गच्चीवर झोपले. कठडा दोन बाजूंना होता, दोन बाजूंना व्हायचा होता. पहाटे एक दूरचे मेहुणे उठले आणि झोपेतच नको त्या बाजूला चालले. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, शस्त्रक्रिया झाली, तीन-चार महिने अंथरुणावर गेले. दुकान बंद पडलं. माझ्या वडिलांनी जमेल तेवढे पैसे नेऊन दिले; ते खर्चाच्या पासंगालाही पुरणारे नव्हते, हे दोन्ही घरांना कळत होतं. त्यांनी आमच्याकडे एक रुपया मागितला नाही. दावा तर नाहीच. आणि त्यानंतर ते आमच्या उंबऱ्यावर कधी आले नाहीत. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

दावा न लावण्याला माणुसकी म्हणणाऱ्यांनी या गप्प बसण्याची किंमत कधी मोजली आहे का? दावा का लावत नाहीत, ते मला विचारा. ज्याच्यावर लावायचा तो आपल्यासारखाच दोन एकरवाला असतो. त्याच्याकडून पैसे घ्यायचे तर त्याची म्हैस विकली जाणार, मुलीचं लग्न मोडणार. म्हणून मग पंच बसतात, एक आकडा ठरतो, पहिला हप्ता येतो, दुसरा अर्धा येतो, तिसऱ्याच्या वेळेला बोलणं बंद होतं. पाय गेलेला माणूस आपल्या पायाची किंमत शेजाऱ्याच्या गरिबीकडे बघून सोडून देतो. याला आपण धरून राहणं म्हणतो! त्याने सोसलं म्हणून आपण सुटलो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हीच माणसं दावा लावत नाहीत, हे तरी खरं आहे का? बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, कोणत्याही कोर्टाच्या आवारात सकाळी उभे राहा. मोटार अपघाताच्या भरपाईची प्रकरणं घेऊन आलेली आपलीच माणसं तिथे दिसतील. औरादचा शेतकरी, आळंदची विधवा. भावाच्या मोटारसायकलने चुलतभावाला उडवलं तरी अर्ज होतो, आणि त्यावरून भाऊबंदकी पेटत नाही. कारण पैसे भावाच्या खिशातून जात नाहीत. मोटार कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. पैसे कंपनी देते. तिथे दावा लावणं आपल्याला परकं वाटत नाही, अमेरिकेचं वाटत नाही, नात्याला काळिमा वाटत नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी गाडा बैलाच्या पुढे बांधला आहे. आपण दावा लावत नाही म्हणून विमा नको, असं नाही. विमा नाही म्हणून आपण दावा लावत नाही. शेजाऱ्याचा पाय मोडला तर त्याला ताठ मानेने भरपाई मागता यावी आणि मागूनही तो संध्याकाळी आपल्या ओसरीवर चहाला यावा, हे दोन्ही एकत्र साधण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. दिसत असेल तर त्यांनी सांगावा.

‘उन्हाळा काय यंदाच आलाय?’ हा सूर मी पूर्वीही ऐकला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि आमच्या बाजूच्याही भिंती हादरल्या. माणसं मेली ती जाड दगडी भिंती आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याखाली. गळतं म्हणून वर्षावर्षाला नवा थर चढवायचा, जुना उतरवायचा नाही, अशी सगळीकडची पद्धत. त्यानंतर आम्ही काही पोरं ‘वरची माती कमी करा’ म्हणून दारोदार फिरलो, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी सुनावलं होतं की हे माळवद शंभर वर्षं उभं आहे. किल्लारीचीही उभीच होती. ‘आजवर काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

‘दुसऱ्याचं पोर न विचारता आमच्या आवारात शिरलं तर आमचा काय दोष?’ असंही त्या दिवशी कोणीतरी मागून म्हणालं. बिहारमधल्या एका घरमालकाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती याचा संडास वापरू लागली. याने वाटेवर उघड्या तारेत वीज सोडली. बाई मेली. ती न विचारता आली होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि शिक्षा कायम झाली. 1964 सालच्या निकालसंग्रहात तो निकाल छापलेला आहे. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी तो वाचून घ्यावा. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्यास नव्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती. कैदेला कोणताही विमा नाही, हेही सांगून ठेवतो.

वीस रुपयांचा सरकारी विमा दोन लाखांचा आहे आणि चांगला आहे. पण तो बँकेत खातं असलेल्या, 18 ते 70 वर्षांच्या, स्वतः तो घेतलेल्या माणसाला मिळतो. बोअरमध्ये पडलेलं पोर त्यात बसत नाही. विम्याने माणूस बेफिकीर होतो म्हणावं, तर थर्ड पार्टी विमा आहे म्हणून हे गृहस्थ माणसांच्या अंगावर मोटार घालत नाहीत. शिवाय वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीतच असते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. एवढ्या मुद्द्यांना एवढं पुरे.

मग करायचं काय? आधी घर. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मीटरपाशी बसवा. कुलरचा झटका जीव घेण्याआधी ती वीज तोडते. गच्चीला चारही बाजूंनी कठडा, हौदाला कुलूप लागेल असं झाकण, विहिरीला जाळी.

मग कागद. गृहकर्ज घेतलेल्या अनेकांकडे घराची पॉलिसी असते आणि त्यात सगळं आलं, अशी त्यांची समजूत असते. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. घरातल्या सामानाला घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण तुमच्या घरात दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी त्यात नाही. त्यासाठी ‘सार्वजनिक दायित्व’ हा भाग असलेली गृहधारक पॅकेज पॉलिसी मागावी लागते. त्यात सहसा पाहुणा, शेजारी, वाटसरू येतो; घरात राहणारे कुटुंबीय येत नाहीत, आणि कामावरच्या माणसासाठी वेगळा भाग घ्यावा लागतो. विहीर आणि बोअर घराच्या आवारात असेल तर काय, शेतात असेल तर काय, हे आधीच लेखी विचारून घ्या. अपघात झाला की पंच बसायच्या आत कंपनीला कळवा. तिच्या परवानगीशिवाय चूक कबूल करून आकडा ठरवला तर ती पैसे नाकारू शकते.

कोळारच्याच औद्योगिक वसाहतीत ठरावीक प्रमाणापुढे घातक रसायन बाळगणाऱ्या मालकाला भोपाळनंतर आलेल्या 1991 च्या कायद्याने बाहेरच्या माणसांसाठी विमा घ्यावाच लागतो. त्या वसाहतीबाहेरच्या घरमालकावर सक्ती नाही. सक्ती यावी असं माझंही म्हणणं नाही. बचत गटांनी नाव काढलेला हा जिल्हा आहे. गल्लीतल्या वीस घरांनी मिळून एका एजंटाला बोलावलं तर त्याला नीट समजावून सांगावंच लागेल.

त्या वास्तुशांतीच्या घराच्या मागे दोन बोअर आहेत, एक चालू आणि एक कोरडी. कोरडीवर त्या दिवशी पाट उलटा टाकून वर दगड ठेवलेला होता, आणि पंगतीतली पोरं त्या दगडावर बसून आईस्क्रीम खात होती. मालकाला मी तेव्हाच बाजूला घेऊन सांगितलं, आज इथे पुन्हा सांगतो: यंदाच्या अक्षय तृतीयेआधी ती भरून घ्या.