गाडीतल्या गाण्यामागे ‘कुंईंई’ ऐकू येतंय?

सुट्टीचा दिवस आहे, सगळं कुटुंब गाडीत बसलंय, आईच्या आवडीचं गाणं लावलंय आणि गाण्याच्या मागून बारीक ‘कुंईंई’ सुरू होतं. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, पाय काढला की उतरतो. स्पीकर गेले असं समजून नवे घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. आमच्या गाडीतही मेकॅनिकने स्पीकर बदलायला सांगितले होते. खरा दोषी निघाला मोबाइलचा स्वस्तातला चार्जर!

आवाज येतो कुठून?

इंजिन सुरू असताना बॅटरी चार्ज करण्याचं काम अल्टरनेटर करतो. त्यातली एसी वीज डायोडमधून डीसी होते, पण थोडी लहर शिल्लक राहते. स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायरची अर्थ वायर वेगवेगळ्या जागी किंवा सैल जोडलेली असेल, तर ही लहर ऑडिओ केबलमध्ये शिरते आणि गाण्यासोबत तीही मोठी होऊन ऐकू येते.

आधी शोधा, मग खर्च करा

१. इंजिन बंद ठेवून फक्त म्युझिक सिस्टिम लावा. ‘कुंईंई’ थांबली, तर संशय अल्टरनेटरकडून येणाऱ्या लहरीवर घ्या. नुसती ‘सूंऽऽ’ अशी खरखर राहिली, तर ॲम्प्लिफायरचा गेन थोडा कमी करून बघा.

२. चार्जर, डॅशकॅम एकेक करून काढा. ऑक्स केबल आणि चार्जर एकाच वेळी मोबाइलला लावल्यावरच आवाज येत असेल, तर ब्लूटूथ वापरा किंवा ऑक्स केबलवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

३. वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर सिस्टिम बंद करून त्याच्या आरसीए केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. आवाज गेला, तर दोष केबल किंवा स्टिरिओच्या बाजूला आहे. तसाच राहिला, तर ॲम्प्लिफायरची पॉवर आणि अर्थ वायर तपासा.

उपाय काय?

अर्थ वायर आखूड आणि पॉवर वायरइतकीच जाड हवी. ती जोडायच्या जागेचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टने बसवून घ्या. पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र बांधल्या की आवाज येण्याची शक्यता वाढते. नॉइज फिल्टर सगळ्यात शेवटी घ्या, कारण सैल अर्थिंग त्याने सुधारत नाही.

हे विसरू नका

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ॲम्प्लिफायरच्या पॉवर वायरवर बॅटरीजवळच फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर घासून पत्र्याला टेकली, तर आग लागू शकते. गाडी नवी असेल, तर वायर कापण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. कामाची खात्री नसेल, तर कार इलेक्ट्रिशियनकडे जा, पण वरच्या पहिल्या दोन चाचण्या घरीच करून जा. मग ‘स्पीकर बदला’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल.