तोलाची तपासणी

दुकानातील तराजूची पडताळणी होऊन त्यावर वेळच्या वेळी शिक्का बसतो. घरातील वडीलधारी व्यक्ती मात्र भिंतीला हात लावून चालू लागली, तर ‘आता वय झाले’ एवढेच म्हटले जाते. वास्तविक शरीराच्या तोलाचीही पडताळणी करता येते. ती खुब्याचे हाड मोडण्यापूर्वी व्हावयास हवी.

फिजिओथेरपिस्ट प्रथम उभे राहण्याची ठेवण पाहतात. बाजूने पाहता कान, खांदा, खुबा व गुडघा साधारणपणे एका ओळंब्यात यावेत आणि तो ओळंबा घोट्याच्या किंचित पुढे पडावा. नंतर रुग्णाने खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने ३ मीटर जावयाचे व वळून परत येऊन बसावयाचे. १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका संभवतो. अनुभवी नजर मात्र घड्याळापेक्षा वळतानाच्या पावलांवर अधिक असते.

रॉम्बर्ग चाचणी याहून बोलकी आहे. रुग्णाला पाय जुळवून उभे करतात व डोळे मिटावयास सांगतात. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांध्यांची जाणीव या तिघांवर तोल उभा असतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला मनुष्य डोळ्यांच्या भरवशावर सावरून असतो. डोळे मिटताच तो डोलू लागतो. पहाटे अंधुक उजेडात मंदिराच्या पायऱ्या चढताना त्याची हीच गत होते. कायोत्सर्गात वृद्ध साधक डोलत असेल, तर ती मनाची चंचलता समजण्यापूर्वी त्याचे तळपाय तपासून घ्यावेत. ही चाचणी घरी करू नये; तज्ज्ञ हात देण्याइतके जवळ असावे लागतात.

रक्तदाब झोपून व उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरल्यास डॉक्टरांना कळवावे. चौविहार वा उपवास चालू असेल तर तेही आवर्जून सांगावे. शरीरात पाणी कमी असता हा उतार वाढतो, आणि सोबत रक्तदाबाची गोळी असल्यास अधिकच.

सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, या प्रश्नाला वृद्ध खरे उत्तर देत नाहीत. सांगितले तर मुले शिखरजीची यात्रा बंद करतील, ही भीती असते. आणि पुष्कळ घरांत ती खरीही ठरते. तपासणीचा हेतू मात्र उलट असतो. कोणते स्नायू बळकट करावयाचे, काठी कोणत्या उंचीची हवी, वंदना पायी करावी की डोलीने, हे तिच्यावरूनच ठरते.