निवडीचे स्वातंत्र्य कोणाला?

बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी, प्लॅस्टिक टाळावे, जवळपास पिकलेले अन्न खावे, पाणी जपून वापरावे, असा उपदेश आता शाळेच्या भिंतीपासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. उपदेशात चुकीचे काही नाही. प्रश्न एवढाच, की तो कोणाला केला जात आहे? नांदेड-लातूरकडच्या कष्टकरी घरात जुन्या लुगड्याची गोधडी होते, शिळ्या भाकरीचा कुटका होतो, भांड्यांचे पाणी परसातल्या झाडाला जाते. निसर्गाचे सर्वांत कमी घेणाऱ्या या घरालाच पर्यावरणाचा धडा देणे, हा ढोंगीपणा आहे.

प्रथम ताटाचा विचार करू. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. माणसाला भाकरी देते आणि जनावराला कडबा. मराठवाड्याच्या हवापाण्याला यापेक्षा शहाणे पीक कोणते? तरीही ज्वारीचे रान आटत गेले आणि तेथे सोयाबीन व ऊस आला. याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही. ज्या पिकाला भाव आणि हमखास गिऱ्हाईक, तेच तो पेरणार. मजुराच्या ताटात काय पडते, हेही बहुतांशी रेशनचे दुकान ठरविते. १९७२च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखाने अमेरिकेहून आलेली मिलो खाल्ली. पुढे गहू-तांदूळ आले. वस्तुतः २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचाही समावेश आहे. पण गावच्या दुकानात ज्वारी आलीच तर अधूनमधून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांतील दुकानांत ज्वारीची बिस्किटे सुबक वेष्टनांत आली. गरिबाची भाकरी मात्र महागच राहिली.

पाण्याची कथा याहून कठोर आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी तेथे आली. ज्या मांजरा खोऱ्यात नळ कोरडे पडले, त्याच खोऱ्यात वर्षभर पाणी पिणाऱ्या उसाचे क्षेत्र वाढू दिले गेले होते. घागरीसाठी रात्र जागणाऱ्या बाईला ‘पाणी वाचवा’ कोणत्या तोंडाने सांगावयाचे? नळाचा भरवसा नसला, की घरोघरी विकतचा जार येतो. बाटली ही काहींची चैन असेल. जार ही अनेकांची सक्ती आहे.

प्लॅस्टिकबंदीचेही तसेच. २३ जून २०१८ पासून राज्यात तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांचा दंड हातगाडीवाल्याचे कंबरडे मोडणारा होता. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या मालाच्या प्लॅस्टिक वेष्टनांना मात्र मोकळीक मिळाली.

आणि कापड? उदगीरला विणलेल्या खादीचा राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतो. हातावर सूत, हातमागावर कापड आणि गावातच रोजगार, असा हा व्यवहार. ३० डिसेंबर २०२१ला ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनलेल्या पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासूनचे, मातीत न मिसळणारे कापड. ही निवड कोणत्या गृहिणीने केली?

याचा अर्थ असा नव्हे, की सरकार बदलेपर्यंत कार्यकर्त्याने हात बांधून बसावे. आपल्याच शिबिरांत व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्यांची रांग असते आणि जेवणानंतर थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा ढीग. माठ, तांब्या-पेला आणि पळसाची पत्रावळ यांसाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मात्र माठ भरणे, पिशव्या धुणे, भाकरी थापणे हे सारे बाईच्याच माथी मारून पुरुष कार्यकर्ता पर्यावरणावर व्याख्यान देणार असेल, तर ते नवे शोषण ठरेल. ही कामे वाटून घेणे हा आपला पहिला धडा असावा.

दुसरा धडा मोर्चाचा. रेशनवर बाराही महिने ज्वारी मिळावी आणि ती मराठवाड्याच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेली असावी. धरणातील पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, हे उसाची लागवड ठरण्यापूर्वीच निश्चित व्हावे. वस्तीवस्तीत पिण्याजोगे पाणी देणारा नळ असावा. वेष्टनाचा कचरा ज्याने निर्माण केला त्यानेच तो उचलावा.

चांगली निवड ही पैसेवाल्याची हौस राहिली, तर तिने ना नदी वाचेल ना माणूस. गरिबाला परवडेल आणि हाताशी मिळेल, तेव्हाच ती निवड खरी. ती तशी करून घेणे हेच आपले काम आहे.